सनदेशिवाय वकिलाच्या ऑफिसात: पॅरालीगल कामाची सुरुवात कशी करावी

प्रश्न विचारणाऱ्या मुलीचे बी.कॉम. झाले आहे, वय 23 आहे आणि ती सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. एलएलबीची तीन वर्षे आणि त्यांचा खर्च सध्या घराला झेपणारा नाही, परंतु कायद्याच्या कामाची ओढ आहे. पॅरालीगल म्हणून सुरुवात करता येईल का, त्यासाठी कोणता अभ्यासक्रम करावा आणि पुढे या कामात काय आहे, असे तिने विचारले आहे. मी 21 वर्षे दिवाणी काम करणाऱ्या वकिलांच्या ऑफिसात काम करते आहे. पहिली काही वर्षे जिल्ह्याच्या गावी कारकून म्हणून आणि त्यानंतर पुण्यात. मधली तीन वर्षे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणूनही काम केले. माझ्याकडे वकिलीची सनद नाही आणि एलएलबीही मी केलेली नाही, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी अनुभवावरून देऊ शकते.

सुरुवात करता येईल, हे आधीच सांगते. मात्र ‘पॅरालीगल’ हा शब्द आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या कामांसाठी वापरला जातो आणि चौकशी करणाऱ्यांचा पहिला गोंधळ तिथेच होतो. एक म्हणजे वकिलाच्या ऑफिसात किंवा कंपनीच्या विधी विभागात पगारावर केले जाणारे काम. दुसरे म्हणजे विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 खाली उभ्या राहिलेल्या यंत्रणेतले विधी स्वयंसेवकाचे काम, ज्याला इंग्रजीत पॅरालीगल व्हॉलंटियर म्हणतात आणि ज्याची योजना राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2009 साली आणली. पहिली नोकरी आहे. दुसरी नोकरी नाही. तिथे कामाच्या दिवसापुरते मानधन मिळते, नेमणूक ठराविक मुदतीची असते आणि तिच्यावर घर चालवता येत नाही. तरीही मी तुम्हाला दोन्हींची शिफारस करणार आहे.

अभ्यासक्रमाविषयी आधी बोलते, कारण पैसे तिथेच वाया जातात. भारतात पॅरालीगल होण्यासाठी कायद्याने ठरवलेली कोणतीही परीक्षा, परवाना किंवा नोंदणी नाही. त्यामुळे ‘सर्टिफाइड पॅरालीगल’ अशी पदवी देतो म्हणून जो कोणी मोठी फी मागेल, त्याला हे प्रमाणपत्र कोणत्या कायद्याखाली लागते, एवढेच विचारावे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पॅरालीगल प्रॅक्टिस या विषयाची पदविका आहे; बारावीनंतर घरी राहून ती करता येते, आणि दिवाणी व फौजदारी प्रक्रिया कशी चालते याची ओळख करून घ्यायला ती उपयोगी आहे. परंतु आमच्या ऑफिसात आजवर नवा माणूस घेताना आम्ही कधीही पदविका पाहिलेली नाही. आम्ही समोर एक जुनी फाइल ठेवतो आणि ‘यात काय झाले आहे ते सांगा’ असे म्हणतो. म्हणून तुमच्यासारख्या बी.कॉम. झालेल्या मुलीने अभ्यासक्रमापेक्षा आधी मराठी आणि इंग्रजी टंकलेखनावर हात बसवावा, युनिकोडमध्ये मराठी लिहिण्याची सवय करावी आणि फाइल वाचायला शिकावे.

फाइल वाचणे म्हणजे काय, ते थोडे सविस्तर सांगते. दिवाणी दाव्याच्या फाइलमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या कागदाला निशाणी क्रमांक पडतो. वादपत्र, म्हणजे वादीने आपला दावा मांडलेला कागद, निशाणी 1 असते, आणि तात्पुरत्या मनाईहुकमाच्या अर्जाला आपल्याकडील न्यायालयांत निशाणी 5 इतके ठरून गेले आहे की वकील ‘आज पाचवर आर्ग्युमेंट आहे’ एवढेच म्हणतात आणि सगळ्यांना ते कळते. फाइलमध्ये रोजनामा असतो. प्रत्येक तारखेला कोण हजर होते, काय दाखल झाले, काय आदेश झाला आणि पुढची तारीख कशासाठी नेमली, हे त्यात लिहिलेले असते. नवख्या माणसाला वादपत्र आणि कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, वाचावेसे वाटते, कारण त्यांत गोष्ट असते. तुम्ही रोजनाम्यापासून सुरुवात करावी. समन्स बजावून परत आले का, प्रतिवादी क्रमांक 3 ने कैफियत दिली की त्याच्याविरुद्ध ‘कैफियतीशिवाय’ आदेश झाला, पक्षकार मयत झाल्याची पुरसीस, म्हणजे न्यायालयाला दिलेली लेखी माहिती, आली तेव्हा वारस दाखल करण्याचा अर्ज मुदतीत झाला का, हे सगळे तिथे सापडते. ई-कोर्ट्सच्या ॲपवर प्रत्येक प्रकरणाला मिळणारा 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते हे खरे, आणि त्यामुळे आमचे कितीतरी हेलपाटे वाचले आहेत. परंतु अर्जावर न्यायाधीशांनी नेमके काय लिहिले हे पाहायला मूळ कागदाकडेच जावे लागते.

या कामात मुदत सांभाळणे हे सर्वांत मोठे काम आहे. मी ते चूक करून शिकले, आणि ती चूक येथे आकड्यांसह सांगते, कारण ती कोणत्याही नव्या कारकुनाकडून होऊ शकते. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका वयस्कर शेतकऱ्याच्या दाव्याचा निकाल 3 जुलैला विरुद्ध गेला. जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस मिळतात, म्हणजे मुदत 2 ऑगस्टपर्यंत होती. अपील करायचे की नाही यावर घरात विचार चालला आणि निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी मी नक्कल अर्ज दिला तो 29 जुलैला. नक्कल तयार व्हायला लागणारे दिवस मुदतीतून वगळले जातात, हे मला ठाऊक होते. नक्कल 9 ऑगस्टला तयार झाली. मी मात्र ती आणायला गेले 16 ऑगस्टला. आधीचा दिवस सुटीचा होता आणि त्याआधी मी इतर कामात होते. माझी समजूत अशी की अर्ज दिल्यापासून नक्कल हातात पडेपर्यंतचे सगळे दिवस वगळले जातात. प्रत्यक्षात वगळले जातात ते अर्जाच्या दिवसापासून नक्कल तयार होण्याच्या दिवसापर्यंतचे, म्हणजे 12 दिवस. मुदत 14 ऑगस्टला संपलेली होती. आम्ही अपील 18 तारखेला दाखल केले. चार दिवसांच्या उशिरासाठी विलंबमाफीचा वेगळा अर्ज करावा लागला, समोरच्या बाजूने त्याला विरोध केला, आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थाला केवळ माझ्यामुळे अनेक तारखांना एसटीने यावे लागले. उशीर माफ झाला, पण खर्च भरण्याच्या अटीवर.

तेव्हापासून नक्कल हातात आली की मी निकालाआधी तिच्यावरचा शिक्का वाचते. त्यावर अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि ती दिल्याची तारीख अशा तीन तारखा असतात. आमच्या ऑफिसात येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी पहिल्या आठवड्यात हाच शिक्का दाखवते आणि कागदावर मुदत मोजायला लावते. शिवाय विरुद्ध निकाल लागला की अपील करायचे ठरो वा न ठरो, नक्कल अर्ज त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी द्यायचा, असा नियम आम्ही केला आहे.

धनादेश न वटल्याच्या प्रकरणांतही तारखांचा असाच कस लागतो. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे न आल्यास पुढच्या एका महिन्यात फिर्याद. यातली प्रत्येक तारीख कागदाने सिद्ध करावी लागते, म्हणून पोस्टाची पावती आणि नोटीस पोहोचल्याचा पुरावा त्याच दिवशी फाइलला लावायचा असतो. बी.कॉम.च्या मुलांना हिशेबाची वही ठेवायची सवय असते, आणि अशा कामात ती फार उपयोगी पडते.

तालुक्याच्या गावी असल्याचा तुम्हाला एक मोठा फायदा आहे, तो म्हणजे जमिनीचे कागद. शहरातल्या ऑफिसांत इंग्रजी करार उत्तम वाचणारी मुले भेटतात, पण सात-बारा समोर आला की अडखळतात. कंसात गेलेले नाव म्हणजे कमी झालेला खातेदार, त्याच्याजवळचा क्रमांक म्हणजे ज्या फेरफाराने तो बदल झाला त्याचा क्रमांक, ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा आहे की कुळाचे नाव, भोगवटादार वर्ग 1 आहे की वर्ग 2, हे सगळे एका पानात असते. वर्ग 2 ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तो आकडा नजरेतून सुटला तर खरेदीखत करून बसलेल्या माणसाची आयुष्याची पुंजी अडकते. मालकी हक्काचा शोध घेताना साधारणपणे 30 वर्षांचे फेरफार आणि दुय्यम निबंधकाकडील सूची क्रमांक 2 चे, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीचे, उतारे पाहून साखळी जुळवावी लागते. आता यातले बरेच महाभूलेख आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मिळते, परंतु जुने हस्तलिखित फेरफार बऱ्याचदा तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावे लागतात आणि ते अक्षर लावायला सराव लागतो. आपल्या घरच्या सात-बाऱ्यापासूनच सुरुवात करा. आजोबांपासून तुमच्यापर्यंत जमीन कोणत्या कोणत्या फेरफाराने आली, हे क्रमाने लिहून काढा. एका रविवारी बसलात तर पुस्तकातल्या दहा प्रकरणांएवढे शिकाल.

दोन भाषा नीट येणे ही दुसरी जमेची बाजू. महाराष्ट्रात 1998 च्या अधिसूचनेने कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे, उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र इंग्रजीत चालते. त्यामुळे खालचे प्रकरण वर गेले की मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरे लागतात, आणि ती करणारी विश्वासाची माणसे थोडी आहेत. ‘वहिवाट’ या शब्दासाठी मालकीचा इंग्रजी शब्द पडला, तर दाव्याचे स्वरूपच बदलते. हे बारकावे तुम्ही सांभाळू शकलात, तर वकील तुम्हाला सहजासहजी सोडणार नाहीत.

आता विधी स्वयंसेवकाच्या कामाकडे येते. त्यासाठी साधारण दहावीपर्यंतचे शिक्षण पुरते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अर्ज मागवते, मुलाखत घेऊन निवड करते, प्रशिक्षण देते आणि ओळखपत्र देते. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. पुढची निवड कधी आहे, याची चौकशी तिथेच करावी. मोफत वकील कोणाला मिळतो, हे त्या अधिनियमाच्या कलम 12 मध्ये आहे: स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतील व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट लागत नाही. गावोगाव हे अजून माहीत नाही, आणि ते पोहोचवणे हेच या कामाचे मर्म आहे.

मी ज्या केंद्रात बसत असे तिथे एक विधवा बाई आल्या होत्या. सासरच्या शेतीत वाटा मागायचा होता, पण जमिनीच्या किमतीवर हजारो रुपयांचा स्टॅम्प लागेल असे कोणीतरी सांगितल्याने त्या दोन वर्षे घरीच थांबल्या होत्या. मालमत्तेचे वाद, पोटगी, घटस्फोट आणि छळाच्या प्रकरणांत स्त्री पक्षकाराला न्यायालय शुल्क माफ करणारी राज्य शासनाची अधिसूचना 1 ऑक्टोबर 1994 ची आहे. मी त्यांना ती दाखवली, मोफत वकिलासाठीचा अर्ज भरून दिला, आणि पतीच्या मृत्यूचा दाखला, वारसांची नावे व सात-बारा असे कागद एका धाग्यात लावून दिले. उठताना त्यांनी विचारले, “ताई, मला वाटा मिळेल ना?” मला त्यांच्या कागदांवरून उत्तर जवळजवळ दिसत होते. तरी मी म्हटले, “ते वकीलसाहेब कागद बघून सांगतील.” ते शब्द उच्चारणे मला फार जड गेले, पण त्याहून वेगळे काही बोलण्याचा मला अधिकार नव्हता.

ही मर्यादा तुम्ही पहिल्या दिवसापासून ओळखली पाहिजे. अधिवक्ता अधिनियम, 1961 नुसार वकिली करण्याचा हक्क फक्त नोंदणीकृत वकिलांना आहे, आणि हक्क नसताना न्यायालयात वकिली केल्यास कलम 45 खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. तुम्ही माहिती देऊ शकता, कागद जमवू शकता, मसुदा टंकित करू शकता, तारीख सांगू शकता. दावा करावा की तडजोड करावी, केस जिंकेल की हरेल, हे सांगणे तुमचे काम नाही. सात-आठ वर्षांनी तुम्हाला नव्या वकिलापेक्षा जास्त प्रक्रिया ठाऊक होईल, आणि तेव्हाच हा मोह सर्वांत मोठा असेल, कारण पक्षकार वकिलांआधी तुम्हाला फोन करू लागतील.

गुप्ततेचेही तसेच आहे. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट वकील उघड करू शकत नाही, आणि ते बंधन वकिलाच्या कारकुनांना व कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम 127 मध्ये ते होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 मध्ये आहे. तालुक्याच्या गावी हे पाळणे शहरापेक्षा कठीण आहे, कारण समोरच्या पक्षाची सून तुमची वर्गमैत्रीण असू शकते. अशा वेळी प्रकरण ऑफिसात आले त्याच दिवशी वकिलांना ते नाते सांगून टाकावे आणि त्या फाइलपासून दूर राहावे.

नोकरी शोधताना मोठ्या नावाच्या मागे लागू नका. दिवाणी, जमिनीचे आणि थोडे फौजदारी असे मिश्र काम असलेले, दोन-तीन वकिलांचे ऑफिस सुरुवातीला सर्वांत चांगले, कारण तिथे नक्कल अर्जापासून निकालाच्या अंमलबजावणीच्या दरखास्तीपर्यंत सगळे हाताखालून जाते. पगार सुरुवातीला कमी असेल, हे मान्य करूनच जा. मात्र प्रवासखर्च, न्यायालयात भरायच्या रकमा आणि स्टॅम्पचे पैसे कधीही स्वतःच्या खिशातून घालू नका आणि त्यांची नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा. पक्षकाराच्या जागी सही करायला, मागची तारीख घालायला किंवा पक्षकार समोर नसताना प्रतिज्ञापत्र करून आणायला कोणी सांगितले, तर ते ऑफिस सोडा. ‘एक केस आणलीस की इतके’ असे कमिशन कोणी देऊ केले, तरीही सोडा. कायदा अशा माणसाला दलाल म्हणतो, न्यायालये अशांच्या याद्या प्रसिद्ध करू शकतात, आणि यादीत नाव आलेल्या व्यक्तीने तसे काम केल्यास शिक्षा आहे.

चार-पाच वर्षांनंतर वाटा फुटतात. पुण्या-मुंबईतील लॉ फर्म, बँकांचे आणि बांधकाम कंपन्यांचे विधी विभाग, तसेच परदेशी फर्मची कागदपत्रे तपासून देणाऱ्या कंपन्या अनुभवी माणसे घेतात. तिथे करारांची छाननी, मुदतींचे तक्ते आणि अनुपालनाचे काम असते, पगारही बरा असतो, पण इंग्रजी पक्के लागते आणि पक्षकाराचा चेहरा क्वचितच दिसतो. मला स्वतःला ते काम मानवले नसते. तुम्हाला मानवेल का, हे तुम्ही काम पाहूनच ठरवावे.

एलएलबीचा विचार कायमचा बंद करू नका, एवढे मात्र आग्रहाने सांगते. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला राज्याची सीईटी द्यावी लागते आणि खुल्या प्रवर्गाला पदवीत 45 टक्के गुण लागतात. तुमचे असतील तर ते दार उघडेच आहे. दूरशिक्षणाने घेतलेली एलएलबी सनदेसाठी चालत नाही, म्हणून तशा जाहिरातींना भुलू नका. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी चार वर्षे पैसे साठवून तिसाव्या वर्षी लॉ कॉलेजला गेली, आणि आज ती ज्या न्यायालयात नकला आणत असे तिथेच उलटतपास घेते. मी गेले नाही, कारण मला फायलींचेच काम आवडते, आणि त्याची मला खंत नाही.

येत्या आठवड्यात दोन गोष्टी करा. तुमच्या तालुका न्यायालयात जाऊन विधी सेवा समितीच्या कार्यालयात निवडीची चौकशी करा, आणि तिथूनच दिवाणी न्यायालयाच्या कक्षात मागच्या बाकावर बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, संपेपर्यंत बसा. न्यायालय सर्वांना खुले असते, कोणी अडवणार नाही. प्रत्येक पुकाऱ्यानंतर काय झाले आणि पुढची तारीख कशासाठी दिली, हे वहीत लिहा. संध्याकाळी ई-कोर्ट्सवर तेच क्रमांक काढून तुमच्या नोंदी ताडून पाहा. पहिल्या दिवशी निम्म्या नोंदी चुकतील. महिनाभर आठवड्यातून दोनदा असे बसलात, की ती वही घेऊनच वकिलांकडे नोकरी मागायला जा.